जीवदयेचे माप

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न मला पडला नाही. गेली दोन वर्षे एक गोष्ट मनात सलते आहे. ती आपल्या व्यापारी बंधूंपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे मोकळेपणाने मांडावी, असे वाटत होते. आपण सारे मापावर जगणारी माणसे आहोत. तुरीतील ओलावा, डाळीतील चुरा, पेंडीतील तेल यांची परीक्षा केल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. परंतु ज्या कामात आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या मुक्त हस्ताने पैसा ओतला, त्या जीवदयेच्या कामाचे माप मात्र आपण कधी घेतलेले नाही. दिले किती, हे आपल्या वहीत असते. पोहोचले काय, हे कोणत्याच वहीत नसते.

आपल्या बीदर-कलबुर्गी भागाचा व्यापार बैलाच्या खांद्यावर उभा राहिला, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही. मालमोटारी सर्वत्र धावू लागण्यापूर्वी आळंद, हुमनाबाद, भालकी येथील पेठांत धान्य उतरले ते बैलगाड्यांतूनच. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. पण त्या डाळीच्या गिरण्यांतून निघणारी चुनी, तशीच करडीची आणि सरकीची पेंड शेवटी जनावरांच्याच गव्हाणीत जाते, हे आपण विसरता कामा नये. जनावर हे आपल्या धंद्याचे वाहन होते आणि आजही ते आपले गिऱ्हाईक आहे. मात्र तक्रार करू न शकणारे.

या भागाचे खरे भूषण म्हणजे देवणी जात. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तिचे तीन प्रकार जाणकार सांगतात. दूध आणि ओढकाम या दोहोंसाठी ती नावाजलेली आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर गेले आणि बीदर म्हैसूर राज्यात आले. सीमेची रेघ कागदावर उमटली. देवणी गाय मात्र दोन्हीकडे तीच राहिली. अलीकडे ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी होते, पलीकडे श्रावणी अमावास्येला पोळा होतो. बैलाचे ऋण मानण्याची रीत दोहोंकडे एकच.

आता माझी हकिगत सांगतो. वडिलांच्या पुण्यतिथीस आमच्या दुकानातून दरवर्षी एका पांजरपोळात कडबा व पेंड पाठविण्याचा परिपाठ आहे. पावती येते, आभाराचे पत्र येते, जनावरांची एकूण संख्या कळते. ती वाढली की आपले पुण्यही वाढले, असे वाटते. दोन वर्षांपूर्वी वैशाखात मी प्रथमच स्वतः तेथे गेलो. व्यवस्थापकांनी अगत्याने सारे दाखविले. "आमच्या येथे एकही जनावर उपाशी नाही," असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. गव्हाणी भरलेल्या होत्या.

त्याच वेळी एक तरुण पशुवैद्य तपासणीसाठी आले होते. त्यांनी मला विचारले, "शेठजी, ही गाय दिवसातून किती वेळ बसते, हे कोणी पाहिले आहे काय?" प्रश्न मला विचित्र वाटला. त्यांनी समोरची एक गाय दाखविली. फरशी सिमेंटची, दावे आखूड. बसावयाचे झाले म्हणजे गाय आधी पुढचे गुडघे टेकते. त्या कठीण जमिनीवर टेकून टेकून तिचे दोन्ही गुडघे सुजले होते आणि त्यांवरचे केस घासून गेले होते. निरोगी दुभती गाय दिवसाकाठी सुमारे दहा-बारा तास बसून काढते आणि त्यातील बराच वेळ रवंथ करते. ही गाय दुखण्याच्या भीतीने बसणेच टाळीत होती, असे त्यांनी समजावून सांगितले. पुढे त्यांनी कोपऱ्यातील एक पोते उघडले. आतल्या पेंडीला बुरशी आली होती. अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतास अपाय करते, असे ते म्हणाले. पोत्यावरचा शिक्का मी वाचला. पोते माझ्याच वखारीतले होते.

बाजारात जो माल मी कोणाला विकला नसता, तो मी धर्मादाय म्हणून पाठविला होता. जाणूनबुजून पाठविला, असे नव्हे. पण गिऱ्हाइकासाठी माल पाहताना जी नजर मी लावतो, ती येथे लावली नव्हती. का लावली नाही? कारण घेणारा मुका होता आणि देणारा समाधानी होता. ही चूक एकट्या माझी असती, तर ती येथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु चार गावच्या स्नेह्यांशी बोलताना असे दिसून आले की, आपण बहुतेक सारे दयेचा हिशेब देणाऱ्याच्या बाजूने मांडतो. किती जीव सोडविले, किती क्विंटल कडबा दिला, किती रुपये खर्च झाले, एवढेच अहवालात येते. ज्याच्यासाठी हे सारे केले, त्या जीवास सुख झाले की नाही, याचा रकाना अहवालात नाही.

आपल्या पूर्वाचार्यांनी हा रकाना सोडला नव्हता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसा व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यांत प्राण घेण्याचा उल्लेख वेगळा नाही, कारण तो तर व्रतभंगच आहे. ज्याने प्राण घेतला नाही त्याच्याही हातून जे घडू शकते, त्याची ही यादी आहे. आणि त्या यादीत पहिले नाव दाव्याचे आहे. सुरीपासून वाचविलेल्या गाईला हातभर दाव्यावर आयुष्यभर उभी करणारा मनुष्य आपल्याला निर्दोष समजतो. सूत्रकारांनी त्यास निर्दोष म्हटलेले नाही.

पश्चिमेकडे हा विचार पुष्कळ उशिरा आणि निराळ्या वाटेने आला. 1964 साली रूथ हॅरिसन या बाईंनी कारखानी पद्धतीच्या पशुपालनावर पुस्तक लिहिले. त्यावर इंग्लंडात मोठी चर्चा झाली आणि प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. 1965 च्या तिच्या अहवालाने जनावरास निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, असे म्हटले. त्यातूनच पुढे 1979 साली 'पाच स्वातंत्र्ये' मांडली गेली: भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, भय व क्लेश यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालीच झाला. त्यासाठी श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत केलेली खटपट सर्वश्रुत आहे. 2014 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला.

ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. दिवसातून एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. तसेच उष्णमान 37 अंशांहून अधिक असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये, असे ते सांगतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा आपल्या पेठांपुरता तरी हा नियम दोन महिने जवळजवळ रोजच लागू पडतो. नियम उत्तम आहे. परंतु नियम घड्याळाकडे आणि पाऱ्याकडे पाहतो. बैलाकडे पाहण्याचे काम त्याने आपल्यावर सोडले आहे.

बैलाकडे पाहावे म्हणजे काय करावे? येथे शास्त्र आपल्या मदतीस येते. आणि प्रथम ते आपल्याला थोडी नम्रता शिकविते. ब्रॅम्बेल समितीने कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या तळाशी असलेली बारीक षट्कोनी जाळी पायांस त्रासदायक ठरवून ती बंद करावी, अशी शिफारस केली होती. हेतू दयेचाच होता. पुढे 1973 साली दोन संशोधकांनी कोंबड्यांनाच निरनिराळ्या जाळ्यांतून निवड करू दिली. तेव्हा ज्या जाळीला समितीने नावे ठेवली होती तीच कोंबड्यांनी अधिक पसंत केली. माणसाने आपल्या मनाने ठरविलेले सुख आणि जनावराचे सुख एकच असेल, असे नाही. विचारल्यावाचून ते कळत नाही. आणि मुक्या जीवास विचारण्याच्या पद्धती शोधणे, हेच या शास्त्राचे काम होय.

त्यातील एक पद्धत शरीरातील द्रव्य मोजण्याची आहे. जनावरावर ताण आला की मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात उतरते. ते मोजले म्हणजे ताण मोजला, असे वाटेल. पण अडचण अशी की रक्त काढण्यासाठी जनावर धरले, तरी काही मिनिटांतच ते वाढते. म्हणजे माप घेणाराच माप बिघडवितो. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ शेण तपासतात. त्यात काही तासांपूर्वीच्या ताणाची खूण राहते आणि जनावरास हातही लावावा लागत नाही. केस तपासले तर कित्येक आठवड्यांचा हिशेब मिळतो, कारण केस वाढता वाढता हे द्रव्य त्यात साठत जाते. रक्त म्हणजे आजची रोकड आणि केस म्हणजे तिमाहीची खतावणी, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

ही गोष्ट परदेशापुरती राहिलेली नाही. 2019 साली आपल्याच देशातील 54 गोशाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांचा त्यात सहभाग होता. प्रत्येक गोशाळेतील दहा गाईंच्या शेपटीच्या गोंड्याचे केस घेऊन त्यांतील कॉर्टिसॉल मोजले गेले आणि त्याच गाईंच्या अंगावर डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांशी ते ताडून पाहिले गेले. गोशाळा म्हणजे कल्याण, हे गृहीत न धरता ते तपासून पाहावे लागते, हा विचार या अभ्यासामागे होता. आपणही तो मनावर घेण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, ताण मोजला. पण भावना कशी मोजणार? शंका रास्त आहे. कॉर्टिसॉल भीतीने वाढते, तसेच धावण्याच्या उत्साहानेही वाढते. दीर्घकाळ छळ सोसलेल्या जनावरात तर ते मंदावूही शकते. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. वर्तनाची साक्ष घ्यावी लागते. 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. वासरांना दोन रंगांचे पडदे दाखवून शिकविले होते: एका रंगाकडे गेले की दूध मिळते, दुसऱ्याकडे गेले की मिळत नाही. मग तांबड्या-पांढऱ्यामधल्या गुलाबी छटा त्यांच्यापुढे धरल्या. तापलेल्या लोखंडाने शिंगांचे कोंब जाळल्यानंतर तीच वासरे त्या संदिग्ध छटांकडे पूर्वीपेक्षा कमी वेळा गेली. दुखणाऱ्या जीवाने जगाकडून चांगल्याची अपेक्षा कमी केली होती. माणसाच्या दुःखाची खूण याहून वेगळी असते काय?

शिवाय एवढे प्रयोग न करताही पुष्कळ कळते. घाबरलेल्या वा अडवलेल्या गाईच्या डोळ्यातील पांढरा भाग अधिक दिसतो. माणूस हात पुढे करून समोरून सावकाश चालत गेला, तर गाय किती अंतरावर मागे सरते, ते पावलांनी मोजता येते. जेथे काठी चालते तेथे हे अंतर वाढते आणि जेथे थाप मिळते तेथे ते शून्यावर येते. अहवाल लिहिणाऱ्याने कितीही गोड शब्द वापरोत, हे अंतर खोटे बोलत नाही.

आपल्या शेतकऱ्याला यातले बरेचसे ठाऊक होते. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदेमळणी होते. बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळताना त्याचा हात जू घासलेल्या प्रत्येक जागेवरून फिरतो. कोठे गाठ आहे, कोठे कातडे सोलले आहे, कोठे हात लागताच बैल अंग चोरतो, हे त्याला न बोलता समजते. तो पूजा करतो आणि तपासणीही करतो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल पारखणारा मनुष्यही दात, खूर, खांदा, चाल अशाच क्रमाने जातो. फरक एवढाच की, बाजारातली पारख किमतीसाठी असते आणि खांदेमळणीची पारख बैलासाठी असते. आपल्या पांजरपोळांत पैसा आहे, श्रद्धा आहे. खांदेमळणीचा तो हात मात्र राहून गेला आहे.

यावर दोन आक्षेप येतील, हे मी जाणतो. पहिला असा की, जीव वाचविला हेच मोठे. उरलेल्या गोष्टी दुय्यम. जीव वाचविणे मोठे खरेच. पण ज्या क्षणी आपण जनावर सोडवून आणतो, त्या क्षणी त्याच्या पुढील साऱ्या दिवसांचे दायित्व आपल्या खाती जमा होते. सुरीखाली जाणारा जीव एका दिवसाचे दुःख भोगतो. आखूड दाव्यावर उभा केलेला जीव ते वर्षानुवर्षे भोगतो. ठेव स्वीकारावयाची आणि तिच्याकडे पाहावयाचे नाही, हा कोणत्या पेढीचा धर्म आहे?

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रयोगशाळा, यंत्रे, तज्ज्ञ यांवर पैसा घालण्यापेक्षा चार गाड्या कडबा अधिक का देऊ नये? याचे उत्तर असे की, बहुतेक मापांना पैसा लागतच नाही. लागते ती नजर आणि सातत्य. पोत्याला परखी लावून मधला माल काढण्यास आपल्याला किती खर्च येतो? पण त्या मूठभर मालावर शंभर पोत्यांचा सौदा ठरतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. संघाच्या वतीने ज्या ज्या गोशाळेस वा पांजरपोळास देणगी जाते, तिने वार्षिक हिशेबासोबत पाच गोष्टींचा तक्ता द्यावा. पहिली, अंगलट: बरगड्या व कमरेची हाडे हाताने चाचपून एक ते पाच असे गुण. दुसरी, गुडघे, ढोपरे व खूर: सूज, जखम किंवा लंगडणे आहे काय. तिसरी, विसावा: दुपारच्या ठराविक वेळी किती जनावरे बसून रवंथ करीत आहेत आणि दिवसातून किती तास ती दाव्यावाचून मोकळी असतात. चौथी, स्वच्छता व ऊन: मागचे पाय व कूस शेणाने माखली आहेत काय आणि उन्हाळ्यात किती जनावरे तोंड उघडून धापा टाकीत आहेत. पाचवी, भय: माणूस जवळ येताच जनावर किती अंतरावर सरते. ही पाहणी वर्षातून तीनदा व्हावी आणि व्यवस्थापकांनी पुढे केलेली जनावरे न घेता रांगेतले दर दहावे जनावर घ्यावे. आपण पोत्याचे तोंड पाहून माल घेत नाही, तोच न्याय येथे लावावा.

केस वा शेण यांची शास्त्रीय तपासणी रोजची गोष्ट नव्हे; ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा, आपली साधी मापे बरोबर आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी व्हावी. 2004 च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटकाचे पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आपल्या बीदरलाच आहे. तेथील तज्ज्ञांना संघाने रीतसर विनंती करावी; संघाच्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी या विषयाच्या विद्यार्थ्यास द्यावी. आणि सर्वांत आधी, उद्यापासूनच, आपण प्रत्येकाने एक नियम पाळावा: जी पेंड, चुनी वा कडबा आपण गिऱ्हाइकास विकणार नाही, तो धर्मादाय म्हणूनही पाठवू नये. ज्या मालास बाजारात मोल नाही, त्याचे पुण्य होत नाही.

त्या पांजरपोळात आता मागच्या अंगणात मातीची मोकळी जागा केली आहे आणि सायंकाळी दावी सोडली जातात. गेल्या महिन्यात मी पुन्हा गेलो होतो. ती गाय मला ओळखता आली नाही. एवढ्या जनावरांत ती कोणती, हे सांगणे कठीण. पण अंगणात बऱ्याच गाई पाय दुमडून निवांत रवंथ करीत बसल्या होत्या. मी त्या मोजल्या; पहिल्या भेटीत, गोठ्याच्या त्याच रांगांत, मला हे सुचले नव्हते.

जीवदयेचा वारसा आपल्याला पूर्वजांकडून मिळाला. त्याचे माप ठेवणे आपल्या हातचे आहे. संघाच्या पुढील वार्षिक सभेत या तक्त्याचा ठराव यावा आणि तो एकमताने संमत व्हावा, एवढी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.